लेणी, बाग, पक्षी आणि वाघ : संभाजीनगर परिसराच्या छायाचित्रणाची दीडशे वर्षे

इसवी सन १८६४ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात अजिंठ्याची लेणी, त्या डोंगराच्या आसपासची जुनी देवळे आणि रानातली जनावरे यांची शंभर छायाचित्रे एकाच जिल्दीत बांधलेली होती. छायाचित्रे मेजर रॉबर्ट गिल यांची होती, वर्णने वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांची होती, आणि ग्रंथाच्या नावातच पश्चिम हिंदुस्थानातील वास्तुकला व निसर्गेतिहास हे दोन विषय एकमेकांना जोडलेले होते. आज छत्रपती संभाजीनगरला मुक्काम ठोकून कॅमेऱ्यासह फिरणारा प्रवासी वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा, जायकवाडीचा पाणपसारा आणि गौताळ्याचे रान अशी जी वाट धरतो, तिचा आराखडा या अर्थाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच आखला गेला होता. या वाटेवर काढलेल्या छायाचित्रांचा इतिहास पाहिला, तर देखणेपणापेक्षा एक वेगळाच निकष पुढे येतो, आणि तो म्हणजे जो त्या वेळी तेथे नव्हता त्याला, पुष्कळ वर्षांनंतर, त्या चित्रावरून काय कळते हा होय.

गिल यांचे नाव मराठी वाचकाला ठाऊक आहे ते मुख्यतः पारो या स्थानिक तरुणीशी जुळलेल्या त्यांच्या प्रेमाच्या कहाणीमुळे; ना. धों. महानोर यांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आणि त्यावर बेतलेला २०१२ चा चित्रपट यांनी ती कहाणी घरोघरी पोहोचवली. त्या कहाणीच्या झळाळीत त्यांचे छायाचित्रकार म्हणून असलेले काम मात्र झाकोळून गेले, आणि हे खरोखर खेदाचे आहे. फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील लेण्यांविषयी निबंध वाचला, त्यातून लेण्यांतील चित्रांची नोंद वेळीच झाली पाहिजे अशी निकड निर्माण झाली, आणि १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास लष्करातील या अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमले. अजिंठा गावातील बारादरीत राहून त्यांनी पुढे अनेक वर्षे मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात या नकला उतरवल्या आणि टप्प्याटप्प्याने इंग्लंडला धाडल्या. लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या असता १८६६ च्या डिसेंबरअखेरीस तेथे आग लागली आणि थोडी चित्रे वगळता एका माणसाच्या आयुष्याची कमाई राख झाली. छायाचित्रांवर मात्र असा घाला पडू शकला नाही, कारण एका काचेवरून कागदावर अनेक प्रती निघतात, त्या निरनिराळ्या हाती जातात आणि एकीचा नाश झाला तरी दुसरी उरते. फर्ग्युसन यांनी त्याच १८६४ साली गिल यांच्या ७४ छायाचित्रांच्या आधारे भारतातील लेण्यांवर दुसरा स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि हे दोन्ही ग्रंथ आजही अभ्यासकांच्या कामी येतात.

ही छायाचित्रे ज्या पद्धतीने निघाली ती समजून घेतल्याशिवाय त्यांचे मोल कळत नाही. त्या काळी प्रचलित असलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेच्या स्वच्छ पट्टीवर कोलोडियन नावाचा चिकट द्राव एकसारखा ओतावा लागे, मग ती पट्टी अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून प्रकाशसंवेदी करावी लागे, आणि ती ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून, चित्र घेऊन, लगेच अंधाऱ्या तंबूत धुऊन काढावी लागे. द्राव वाळला की काच निकामी होई. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात हा द्राव किती झपाट्याने वाळत असेल, काचेवर धुळीचा एखादा कण बसल्यास काय होत असेल आणि धुण्यासाठी लागणारे निर्मळ पाणी उन्हाळ्यात कोठून आणावे लागत असेल, याची कल्पना अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणाऱ्या वाघूर नदीचे एप्रिलमधले कोरडे पात्र पाहणाऱ्याला सहज करता येते. त्यातच शंभर छायाचित्रांचा तो ग्रंथ स्टिरिओस्कोपिक, म्हणजे द्विनेत्री पद्धतीचा होता. माणसाच्या दोन डोळ्यांत असते साधारण तेवढे अंतर ठेवून एकाच दृश्याची दोन चित्रे घ्यायची आणि ती विशिष्ट भिंगांतून एकत्र पाहायची, की खांबापलीकडचा खांब आणि त्यामागचा गाभारा असे थर डोळ्यांपुढे खोलवर उभे राहतात. लेणे ही मुळात कातळात कोरलेली पोकळी असल्याने, सपाट चित्रात हरवणारी ती खोली या पद्धतीने जशी पकडता आली तशी नंतरच्या पुष्कळ उत्तम साधनांनाही साधलेली नाही.

गिल यांच्या चित्रांत लेण्यांची दर्शनी बाजू दिसते ती झिजलेली आणि पडझड झालेली. विसाव्या शतकात हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ज्या डागडुज्या केल्या, त्यांआधीचे रूप काचेवर उतरलेले असल्यामुळे मूळचे किती आणि नंतरचे किती हे ताडून पाहण्याची सोय अभ्यासकाला मिळते. छायाचित्रकाराने या उपयोगाचा विचार मनाशी केला असेल वा नसेल; त्याने चित्र सरळ, स्पष्ट आणि विषयाशी प्रामाणिक राहून घेतले, एवढ्यावर तो उपयोग साधला.

त्याच ग्रंथातील निसर्गेतिहासाचा भाग मात्र आजच्या वाचकाला अस्वस्थ करतो. काही सेकंद उघड्या राहणाऱ्या भिंगासमोर रानातले जनावर स्थिर उभे राहणे शक्य नव्हते, म्हणून चित्रात आले ते शिकारीत मारलेले जनावर. गिल स्वतः नामांकित शिकारी होते आणि अजिंठ्याच्या डोंगरात त्या काळी वाघ होते. वन्यजीवांचे छायाचित्रण या भूमीत सुरू झाले ते अशा रीतीने, बंदुकीच्या मागोमाग.

पुढचा टप्पा राजा दीनदयाळ यांचा आहे. मेरठजवळच्या सरधना येथे १८४४ मध्ये जन्मलेले आणि रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले दीनदयाळ १८८० च्या दशकात सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारी रुजू झाले, आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे संभाजीनगर, तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने संस्थानातील स्थळांच्या त्यांच्या चित्रमालेत वेरूळ, दौलताबाद आणि मकबरा यांना स्थान मिळाले. एव्हाना कारखान्यात तयार झालेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात येऊ लागल्या होत्या, त्यामुळे तंबू, रसायने आणि पाण्याचे हंडे यांचा लवाजमा पुष्कळ कमी झाला आणि कॅमेरा कोठे उभा करायचा याचा विचार करायला छायाचित्रकाराला उसंत मिळाली. दीनदयाळ यांच्या वास्तुचित्रांत ही उसंत जाणवते. इमारतीच्या मापाचा अंदाज यावा म्हणून एखादा माणूस योग्य जागी उभा केलेला असतो, उभ्या रेषा उभ्याच राहतात, आणि सावल्यांतूनही दगडाचा पोत दिसतो. त्यांच्या काचांचा मोठा संग्रह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे.

अजिंठ्याच्या चित्रांची नोंद मात्र दीर्घकाळ कुंचल्याच्याच हाती राहिली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात नकला केल्या आणि त्यांपैकीही पुष्कळ लंडनमध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. १९०९ ते १९११ या वर्षांत लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण चित्रकारांनी पुन्हा नकला केल्या. नकलेत नकलाकाराचा हात उतरतोच, आणि तो काढून टाकण्याचा पहिला मोठा प्रयत्न हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी केला. १९३० ते १९५५ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘अजंठा’ या ग्रंथातील चित्रे ई. एल. व्हॅसी यांच्या छायाचित्रांवर आधारलेली होती, आणि त्यानंतर ज्या रंगांचे पापुद्रे गळून पडले त्यांची साक्ष काढायची झाल्यास हाच ग्रंथ उघडावा लागतो.

अजिंठ्याच्या लेण्यांत छायाचित्र घेण्याची मुख्य अडचण उजेडाची आहे. घोड्याच्या नालासारख्या वळणाच्या कड्यात तीस लेणी कोरलेली असल्याने प्रत्येकाचे तोंड थोड्या वेगळ्या दिशेला आहे, आणि त्यामुळे उजेड आत शिरण्याची वेळही निरनिराळी आहे. चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नसून माती, भाताचे तूस आदींच्या गिलाव्यावर पातळ लेप देऊन, तो वाळल्यावर रंगवलेली आहेत, म्हणून रंगांचा पापुद्रा नाजूक आहे. शिवाय १९२० ते १९२२ या काळात इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी रंग सुटू नयेत म्हणून त्यांवर लाखेचे रोगण चढवले, ते पुढे पिवळे-तपकिरी पडले आणि त्याच्या चकाकीमुळे समोरून टाकलेला कोणताही उजेड भिंगावर उलटून येतो. फ्लॅशला येथे सक्त मनाई आहे ती अर्थातच रंगांच्या रक्षणासाठी, कारण प्रकाशाचा परिणाम साचत जाणारा असतो आणि रोजच्या हजारो प्रवाशांच्या हिशेबाने तो लहान राहत नाही. पण मनाई नसती तरी फ्लॅशने येथे चांगले चित्र निघाले नसते, हेही तितकेच खरे आहे. बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी अत्यंत मंद प्रकाशात, भिंग दीर्घकाळ उघडे ठेवून घेतलेल्या छायाचित्रांनी हे सिद्ध करून दाखवले. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या मुखावरचा छटांचा चढउतार, डोळ्यांच्या कडांची रेषा, मुकुटातील बारीक नक्षी, हे सारे त्या चित्रांत जसे दिसते तसे उजेडाच्या झोताखाली दिसत नाही.

सामान्य प्रवाशाला ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तिपाई, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय आत नेता येत नाही. त्याने भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे ठेवावे, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशग्राहकता, वाढवून घ्यावी, कोपर अंगाशी घट्ट धरून श्वास रोखून बटण दाबावे आणि रंगांचा तोल बिघडू नये म्हणून चित्र रॉ स्वरूपात साठवावे. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःची रंगसफाई न करता ठेवलेली कच्ची नोंद. भिंतीला किंवा खांबाला टेकून आधार घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे, कारण हाताचा घाम आणि कपड्यांचे घर्षण यांनी होणारी झीज कोणत्याही कॅमेऱ्यात दिसत नाही.

वेरूळची गोष्ट निराळी आहे. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या डोंगरउतारावरील चौतीस लेण्यांची तोंडे पश्चिमेला असल्याने सकाळी ती सावलीत असतात आणि दुपार कलली की उजेड थेट ओसरीत शिरतो. दहाव्या लेण्याच्या, म्हणजे लोक ज्याला सुताराचे झोपडे म्हणतात त्या चैत्यगृहाच्या, दर्शनी गवाक्षातून मार्च महिन्यातील ठरावीक दिवसांत मावळतीची किरणे आतल्या बुद्धमूर्तीपर्यंत पोहोचतात आणि ती पाहण्यासाठी अभ्यासक व हौशी छायाचित्रकार गर्दी करतात. सोळावे लेणे, म्हणजे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरलेले कैलास, हे आकाशाखाली उघडे असूनही छायाचित्राला सर्वांत अवघड आहे. डोंगर वरून खाली खोदत नेल्याने तयार झालेले प्रांगण सुमारे ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद आहे, मागचा कडा ३० मीटरहून उंच आहे, आणि त्यामुळे शिखरावर लख्ख ऊन असताना तळाशी गडद सावली असते. डोळा दोन्ही एकाच वेळी पाहू शकतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. म्हणून एकाच जागेवरून कमी, मध्यम आणि अधिक उजेडाची तीन चित्रे घेऊन ती नंतर जुळवावी लागतात, किंवा आभाळ ढगाळ असलेला श्रावणातला दिवस निवडावा लागतो. कैलास हलवणाऱ्या रावणाचा प्रसिद्ध शिल्पपट तर बहुतेक वेळ समोरच्या कातळावरून परतलेल्या मऊ उजेडातच दिसतो, आणि तो तसाच टिपणे उचित, कारण त्या उजेडात रावणाच्या बाहूंचा पीळ आणि वर बिलगलेल्या पार्वतीची भीती एकाच नजरेत येते. खाली उभे राहून कॅमेरा वर कलता धरला की मंदिराच्या भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. हा दोष टाळायचा असेल तर प्रांगणाच्या कडेच्या दालनांत जावे, किंवा डोंगरावरून काठाने जाणाऱ्या वाटेने वर चढावे. वरून पाहिल्यावरच हे मंदिर बांधलेले नसून डोंगरातून मोकळे केलेले आहे हे चित्रात उमटते.

बीबी का मकबरा ही औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिची, १६६० च्या सुमारास पूर्ण झालेली कबर. वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावे तिच्या प्रवेशद्वारावर कोरलेली आहेत. ताजमहालाशी तुलना करून हिला कमी लेखण्याची प्रथा पडली आहे, आणि ती छायाचित्रातही उतरते. बहुतेकांचे चित्र कारंज्यांच्या रांगेच्या टोकाला पांढरा घुमट अशा एकाच साच्यात अडकते. वास्तविक या इमारतीचे वैशिष्ट्य तिच्या साहित्याच्या मिश्रणात आहे. खाली कमरेच्या वरपर्यंत संगमरवर, वर घुमट संगमरवराचा, आणि मधला सारा भाग बेसाल्ट दगडावर केलेल्या तुकतुकीत चुनेगच्चीचा. भर दुपारी हा फरक लक्षात येत नाही. उन्हे उतरू लागली की संगमरवर थंड, किंचित निळसर राहतो आणि गिलावा सायीसारखा पिवळट होतो, आणि दोहोंमधली सीमारेषा भिंतीवर स्पष्ट उमटते. ज्याने ही रेषा टिपली त्याने दख्खनमधल्या मुघल बांधकामाविषयी काही सांगितले, असे म्हणता येईल.

मुख्य दरवाजा दक्षिणेला असल्याने छायाचित्रकाराचे तोंड उत्तरेकडे असते आणि सकाळचा सूर्य त्याच्या उजव्या हाताला असतो. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असल्याने दर्शनी बाजू उजळलेली राहते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र शहर साधारण २० अक्षांशावर असल्यामुळे मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला जातो आणि तीच बाजू ऐन दुपारी झाकोळते. पांढऱ्या इमारतीसमोर कॅमेऱ्याचे प्रकाशमापक फसते, कारण ते प्रत्येक दृश्य मध्यम करड्या रंगाचे मानून चालते आणि त्यामुळे मकबरा मळकट येतो. उजेड एक पायरी वाढवून घेतल्यास पांढरे पांढरे राहते.

मकबरा ही मुळात बाग आहे, हे बहुधा विसरले जाते. चारबाग, म्हणजे पाण्याच्या पाटांनी चार भागांत विभागलेली आखीव बाग, ही मुघलांची कल्पना येथे कबरीला मध्यावर ठेवून साकारली आहे, आणि पाट भरलेले असताना व कोरडे असताना या वास्तूचे चित्र पार वेगळे येते. पाणी हा या शहराच्या सर्व बागांचा कळीचा प्रश्न आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या आरंभी आखलेल्या नहरी, म्हणजे भूमिगत पाणवाहिन्या, आणि त्याच परंपरेत डोंगराकडून मातीच्या नळांनी पाणी आणून १७४४ मध्ये उभी राहिलेली पाणचक्की यांच्यावाचून येथील हिरवळ संभवली नसती, म्हणून बागेचे चित्र घेणाऱ्याने फुलांइतकेच लक्ष पाट, हौद आणि मोऱ्यांकडे द्यायला हवे. दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग आज कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. तेथील जुनी झाडे आणि शेजारचा सलीम अली तलाव यांच्यामुळे शहराच्या पोटातच पक्षी पाहायला मिळतात.

पक्ष्यांची खरी दौलत मात्र पैठणला आहे. गोदावरीवरील जायकवाडी धरणाचे काम १९६५ ते १९७६ या काळात झाले, त्यामागच्या नाथसागर या उथळ आणि विस्तीर्ण जलाशयावर पक्षी जमू लागले आणि १९८६ मध्ये सुमारे ३४१ चौरस किलोमीटर क्षेत्राला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळा सरत आला की पाणी मागे हटते, गाळपेराची जमीन उघडी पडते, शेतकरी तिच्यात पिके घेतात आणि चिखलाच्या पट्ट्यात रोहित, चित्रबलाक, चक्रवाक आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब उतरतात. या पक्ष्यांचे चित्र दुरूनच घ्यावे लागते. चरणाऱ्या थव्यातल्या दोन-चार पक्ष्यांनी मान ताठ केली, तर आपण मर्यादेपर्यंत आलो आहोत असे समजावे; आणखी पुढे गेल्यास थवा उडतो, आणि लांबच्या प्रवासाने खंगलेल्या पक्ष्याने त्या उड्डाणात खर्च केलेली शक्ती त्याला पुन्हा खाऊनच भरून काढावी लागते. उडत्या थव्याच्या चित्रासाठी तो मुद्दाम उठवणे ही वन्यजीव छायाचित्रणातली सर्वांत निंद्य गोष्ट आहे, आणि दुर्दैवाने तिचे प्रमाण थोडे नाही. पहाटे काठावर येऊन पोटावर पालथे पडून राहिले, भिंग पाण्याच्या पातळीला आणले आणि सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकी गती ठेवली, तर ऊन वाढताच पक्षी आपल्या आपण उडतात आणि पंखाचे प्रत्येक पीस वेगळे मिळते.

कन्नड आणि चाळीसगाव यांच्यामधल्या डोंगरात पसरलेले गौताळा औट्रम घाट अभयारण्यही १९८६ चेच आहे. पितळखोऱ्याची लेणी त्याच रानात आहेत. या डोंगरातला वाघ कित्येक दशकांपूर्वी नाहीसा झाला होता. २०२१ च्या मार्च महिन्यात तेथील कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघाचे छायाचित्र आले. कॅमेरा ट्रॅप म्हणजे झाडाला बांधून ठेवलेला, समोरून उबदार अंगाचे जनावर जाताच आपोआप चालू होणारा कॅमेरा. त्यामागे छायाचित्रकार नसतो आणि रचनेचा विचारही नसतो. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे असतात, शिवाय डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही जुळत नाहीत, म्हणून व्याघ्रगणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर असे दोन कॅमेरे लावण्याची पद्धत आहे. गौताळ्याच्या चित्रातील पट्टे आधीच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून तीनशेहून अधिक किलोमीटर चालत आल्याचे स्पष्ट झाले. मधली गावे, शेते, महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडून तो कोठून निघाला होता हे सांगता आले, ते टिपेश्वरमध्ये पूर्वी कोणीतरी घेतलेली त्याची छायाचित्रे स्थळ आणि तारखेसह जपून ठेवलेली होती म्हणून.